मनकर्णाबाईंचं पुस्तक

महाराष्ट्र नुकता झाला होता. तेव्हा अमडापूरच्या वाचनालयात बायामाणसं येत नसत. त्यांची पुस्तकं नवरे नेत. भाजीवाल्या उकंडरावांना अक्षरओळख नव्हती, पण बाजाराच्या दिवशी वांगी विकून झाली की ते बायकोसाठी, मनकर्णाबाईंसाठी, कादंबरी न्यायला येत. बाईंना काय आवडेल ते ग्रंथपाल किसनराव हौसेनं निवडून देत. पानांवर हळदीची बोटं घेऊन पुस्तक परत आलं, की त्यांना नोकरीचं चीज झाल्यासारखं वाटे.

उन्हाळ्यात मनकर्णाबाई गेल्या. तेरवी आटोपली आणि बाजाराच्या दिवशी उकंडराव पिशवी घेऊन पुन्हा दारात उभे.

"तिच्या उशापाशी पुस्तक नसलं का घर खायाले उठते, साहेब."

किसनरावांना गलबलून आलं. आता वाचणारंच कोणी नाही, मग कोणतं का असेना, म्हणून समोर पडलेलं, नव्या लाल बांधणीत नुकतंच आलेलं एक पुस्तक त्यांनी न उघडताच पिशवीत सरकवलं.

पुढच्या बाजारी उकंडरावांनी ते टेबलावर ठेवलं. "हे बदलून द्या."

"काऊन? खराब निघालं का?" किसनरावांनी पुस्तक उघडलं. लाल पुठ्ठ्याआड पानं जुनीच होती, आणि त्यांवर हळदीची बोटं, केव्हाचीच फिकट पडलेली.

"खराब नाई हो," उकंडराव म्हणाले.



"तिचं पहिलेच वाचून झालं हाय, म्हणते ती."