टीव्हीवरचा गोठा

"दिसली का, दादा?" राजकन्येने गोठ्यातून ओरडून बापाला विचारलं.

"हाव, दिसली," दगडोबा खाटेवरून म्हणाला.

समोरच्या टीव्हीवर त्याची म्हैस रवंथ करत उभी होती. लेकीने लॅपटॉप गोठ्यात मांडला होता. त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्र घरच्या वायफायवरून थेट खोलीत येत होतं. "ह्याला नेट बी लागत न्हाई," ती सांगून गेली होती. लातूरला कॉम्प्युटर शिकायची, सुट्टीला आली होती.

ट्रॅक्टरवरून पडून दगडोबाचा पाय मोडला, त्याला चार महिने झाले. प्लास्टर निघालं. हाड जुळलंय, आता चाला, असं अहमदपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण पहिल्याच पावलाला तो आपटला आणि त्या दिवसापासून पाय टेकवायलाच तयार नव्हता. बायकोच्या, चांगुणाबाईच्या खांद्यावर भार टाकून न्हाणीपर्यंत जायचा, तेवढंच.

म्हशीचे दिवस भरले होते. गावात कुणाचीही म्हैस अडली की लोक दगडोबाला बोलवायचे. स्वतःची मात्र त्याला खाटेवरून बघावी लागणार होती.

दुपारी चित्र मध्येच अडकलं. परत आलं ते अगदी जवळून. म्हशीचं मागचं अंग, कळा, आणि रेडकाचा एकच पाय बाहेर. दुसरा आत दुमडलेला. बांगड्या घातलेले दोन हात तो पाय ओढत होते.

"चांगुणे, वढू नको! आदी आत ढकल!"

हात ओढतच राहिले. म्हैस रेकली.

"राजे! आगं, मरंल की ती!"

कुणी ओ दिली नाही. दगडोबाने पांघरूण फेकलं.

अंगण ओलांडून तो गोठ्याच्या दारात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. सदऱ्याच्या बाह्या त्याने वाटेतच वर सारल्या होत्या.

म्हैस कडबा खात होती. पोट तसंच भरलेलं. रेडकू नाही, रक्त नाही.

"बरी हाय की!" दगडोबा मेढीच्या खांबाला टेकला. त्याने म्हशीच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला.

चांगुणाबाई म्हशीकडे बघतच नव्हती. तोंडाला पदर लावून ती नवऱ्याच्या पायांकडे बघत होती.

"मग टीव्हीत कोण व्हती?"

राजकन्येने लॅपटॉप मिटला.

"मामाची म्हैस, दादा. मागल्या सालचा व्हिडिओ."