खरखर

तक्रार शालनकाकूंनीच केली होती. त्या अर्जुनरावांशी बोलायला लागल्या की खोलीतला रेडिओ खरखरायचा.

अर्जुनराव चार वर्षं निपचित पडून होते. मेंदूपासून निघालेली केबल मानेपाशी यंत्राला जोडलेली होती. यंत्र त्यांचा श्वास चालवायचं. त्याच्या पडद्यावर पहिल्या दिवसापासून एकच ओळ होती : प्रतिसाद नाही.

"जोडातून लहरी बाहेर गळताहेत," म्हणत यंत्राच्या कंपनीतून दुरुस्तीला आलेल्या मुलाणीने मानेपाशी तांब्याच्या जाळीचं कडं दाबून बसवलं. "आता नाही खरखरणार, काकू."

रेडिओवर गाणं स्वच्छ ऐकू येऊ लागलं. काकूंनी सवयीने चहाचा कप उशाशी ठेवला.

"अहो, आज आलं घातलंय बरं का."

गाणं चालूच राहिलं.

"अहो?"

काकूंचा चेहरा उतरला. "शेजारीण बोलली तर रेडिओ कधी खरखरला नाही हो. मी यांना हाक मारली तरच..."

हत्यारं आवरणारा मुलाणी थांबला.

"काढा ते कडं."

"निघत नाही, काकू. ओढलं तर जोड तुटेल." त्याने यंत्राकडे पाहिलं. "श्वासही त्यातूनच चाललाय."

रेडिओवरचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येत होता.