चंद्रीचा घास

नात एवढी शिकली, पण मेल्या जनावराला घरच्यांना न विचारता सुरी लावू नये एवढी अक्कल तिला आली न्हाय, असं धुरपदाबाई अख्ख्या तेरमध्ये सांगत सुटल्या होत्या. त्यांची घोडी चंद्री पुरायच्या आधी शिवांजलीनं तिच्या शेपटीजवळची चरबी काढून नेली आणि धाराशिवच्या प्रयोगशाळेत तिच्या पेशी वाढवल्या. पेशी जगल्या, पण साखर घेईनात.

"गूळ तुमच्याच हातनं खायची ना ती, आजी? या भरवायला," शिवांजली फोनवर थट्टेनं म्हणाली.

आठ महिने रिकाम्या दावणीकडं बघून काढलेल्या धुरपदाबाई दुसऱ्याच दिवशी बसनं आल्या. हातमोजे चढवून त्यांनी पेशींच्या एका बशीत साखरेचं पाणी थेंब थेंब सोडलं आणि सवयीनं चुचकारलं.

तासाभरानं यंत्रानं मोजलं. त्या बशीत साखर उरलीच नव्हती. शिवांजलीनं स्वतःच्या हातानं शेजारच्या बशीत घातलेली मात्र जशीच्या तशी होती. तिचं हसू मावळलं.

धुरपदाबाईंनी हातमोजा काढला. तळवा ओला होता, चंद्रीचा गूळ चाटून झाल्यावर व्हायचा तसा. त्यांनी तो हलकेच गालाला लावला.

"शिवे, तू तिला मरू दिलं न्हाईस," त्या म्हणाल्या. "आता मला मरायची सोय ऱ्हायली न्हाय."