सहाच्या आत

“पाच पॉइंट आठ,” डॉक्टर योगिनींनी नॉर्मनचं युरिक ॲसिड वाचलं, तशी त्याची बायको क्लेमेंटिना खुर्चीत ऐटीत सरसावून बसली. सहाच्या आत! दोन वर्षांत एकही रिपोर्ट तिने सहाच्या वर जाऊ दिला नव्हता. डॉक्टरही दर वेळी म्हणत, छान, रोजची एक गोळी तशीच चालू ठेवा.

आज मात्र त्या तसं म्हणाल्या नाहीत. नॉर्मनची बोटं हातात घेऊन बघत राहिल्या. सांध्यांवर युरिक ॲसिड साठून हरभऱ्याएवढ्या गाठी आल्या होत्या. कोलशेतच्या कितीतरी लग्नांत याच बोटांनी क्लॅरिनेट वाजवलं होतं. पुढच्या महिन्यात त्याच्या स्वतःच्या मुलीचं, निकोलचं लग्न होतं, आणि बोटं काही भोकांवर टेकत नव्हती.

“रक्त इतकं चांगलं, मग गाठी वाढतायत कशा?” डॉक्टरांनी विचारलं. “तपासणीआधी काही वेगळं करता का?”

“मग! करते ना,” क्लेमेंटिना कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. “पंधरा दिवस आधीपासून मासळी बंद, मटण बंद, बियर तर नावालाही नाही. नुसता उकडलेला दुधी आणि हंडाभर पाणी. रिपोर्ट बिघडून कसं चालेल, डॉक्टर?”

“आणि एरवी?”

“एरवी खातात की बिचारे.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “अहो, रिपोर्ट बघूनच मी गोळी वाढवायची की नाही ते ठरवते. एकदा जरी आठ आलं असतं ना, तर तेव्हाच वाढवली असती. आता हळूहळू तीन गोळ्यांपर्यंत नेऊ. गाठी विरतील, पण वर्ष-दीड वर्ष जाईल.”

क्लेमेंटिनाचा चेहरा खर्रकन उतरला. इन्स्पेक्शनच्या दिवशी शाळेत वर्ग सजवतात, तसं तिने दर तीन महिन्यांनी नवऱ्याचं रक्त सजवलं होतं. आणि वर शेजारणींना रिपोर्ट दाखवून मिरवलंही होतं! खाली रिक्षाची वाट बघताना तिला रडूच कोसळलं.

“माझ्या हातांनी तुमची बोटं घालवली मी.”

“एकट्या तुझ्या दुधीने कुठलं होतंय गं,” नॉर्मन तिच्याकडे न बघता म्हणाला. “तपासणीआधी आठ दिवस मी तुझ्या नकळत रोज तीन-तीन गोळ्या घ्यायचो. आकडा ऐकून तू किती खूश व्हायचीस!”