बेबीचा प्रवेश

"आजच्या आज कळवायचंय, बेबी. पाचला प्रवेशाची खिडकी बंद होते," ताई म्हणाली आणि तिसऱ्यांदा उठून पंखा वाढवून आली.

टेबलावर दोन पत्रं होती. दोन्ही नर्सिंग कॉलेजांची, दोन्ही फीसाठी मदत देऊ करणारी. ताई एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. पेशंट तिला ताई म्हणत, घरीही तेच नाव चिकटलं होतं. बेबीला तर लहानथोर सगळे बेबीच म्हणत. बाबा गेल्यापासून घरात माणसं दोनच, आणि पगार एक.

बेबीने गुळगुळीत कागदाचं पत्र पुढे ओढलं. "यात एवढं काय बघायचंय? हे दोन लाख दहा हजार देतायत. ते नव्वद."

"देतायत म्हणे! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." ताईने पेन्सिल घेतली. "खाली बारीक अक्षरात बघ. यातले दीड लाख कर्ज. ते व्याजासकट आपणच फेडायचे. तीस हजार मिळणार ते तू त्यांच्या लायब्ररीत राबलीस तर. खरी मदत उरली तीस हजार. आणि वर्षाचा खर्च दोन लाख साठ."

"आणि दुसरं?"

"खर्च एक लाख चाळीस. त्यातले नव्वद माफ, परत करायचे नाहीत. उरले पन्नास. ते मी बघते."

बेबी पत्राची घडी घालत बसली. "नकोच ते सगळं. माझ्यापायी तुझं लग्न रखडलंय."

"मग बारावीच्या त्र्याहत्तर टक्क्यांचं काय लोणचं घालायचं?"

ताईने आवाज चढवला खरा, पण तिची पेन्सिल दुसऱ्या पत्रावर अडली. ही माफी पहिल्या वर्षापुरतीच असली तर? तिने कॉलेजला फोन लावला. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा क्लार्क बोलला, "साठ टक्के टिकवले तर चारही वर्षं मिळते. पण घरातल्या कमावत्या माणसाची सही लागते. समक्ष."

घड्याळात तीन वाजून गेले होते. बसने दीड तास.

बसमध्ये ताईने फाइल चार वेळा उघडून पाहिली. मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, फोटो. सिग्नल लागला की ती सीटवरून अर्धी उठायची.

"वर्गातल्या मुली हसतील कदाचित. मनावर घेऊ नकोस."

"हसू देत."

"आणि डबा खात जा वेळेवर. आणि कोणी काही बोललं तर..."

"ताई, गप बस गं जरा. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ताईचा पाय हलत राहिला. बेबीचं शिक्षण एकदा सुटलं होतं. सुटलं कसलं, घरच्यांनी सोडायला लावलं होतं. तेव्हा तिच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. या वेळी बस उशिरा पोचली म्हणून सुटलं असतं, तर ताईने स्वतःला कधी माफ केलं नसतं.

पाचला सहा मिनिटं कमी असताना दोघी धापा टाकत खिडकीशी पोचल्या. क्लार्कने कुलूप हातात घेतलंच होतं. ताईने गजांतून फाइल आत सरकवली.

"नव्वद हजारवाली मदत. घेतोय आम्ही."

त्याने कुरकुरत कुलूप खाली ठेवलं, कागद चाळले, शिक्का मारला. बेबीने ताईचा हात घट्ट धरला होता.

"कमावतं माणूस कोण?"

"मी." ताईने सही केली.

क्लार्कने फॉर्म आपल्याकडे वळवला. शेवटचा रकाना रिकामा होता. मान वर न करता त्याने विचारलं, "विद्यार्थिनी तुमची कोण?"

"आई," ताई म्हणाली.