ओट्यावरचा शेल

यमुना गेल्याचं कळलं, त्याच संध्याकाळी दगडांत साठलेले आवाज जपणाऱ्या आवाजघरातल्या बाईंनी तिच्या नवऱ्यापुढे, विठ्ठल तोडकरांपुढे, दोन काळे दगड ठेवले.

"काका, ही ज्वालामुखीची काच. काकूंनी इथे येऊन बोललेला एकच क्षण आहे, पण हवा तितक्या वेळा ऐका. हा शेल, थराथरांचा दगड, तुमच्या ओट्यावरचा. दर पाडव्याच्या बोलण्याचा एक थर बसलाय, एकेचाळीस आहेत. पण ऐकला की थराचा भुगा होतो. घरी एकच नेता येईल."

काचेतून यमुना म्हणाली, "सर्वांना माझा सादर प्रणाम."

"ही कोण बाई?" तोडकर हसले. त्यांनी शेल उचलला.

मग दर रविवारी चहाबरोबर ते एक थर सोलू लागले.

"अहो, साखरेचा डबा पुन्हा उघडा. मुंग्या काय तुमच्या पाहुण्या?"

तोडकर उठून डबा लावत. पुढे तर ते तो मुद्दाम उघडा ठेवू लागले. थर वरून सुटत, त्यामुळे यमुना आठवड्याला एका वर्षाने तरुण होत गेली आणि तिचं रागावणं कमी होत गेलं.

"बाबा, किती उरले?" मुलीने फोनवर विचारलं.

"एक. तुझी आई नवी नवरी आहे त्यात."

डबा उघडा आहे. तो थर ऐकायचा राहिला आहे.