उणे सात अंश

"फ्रीजमध्येच बसायचं होतं, तर घरचा काय वाईट होता?" आईने विचारलं आणि टोपी कपाळावर ओढून घेतली. दारातल्या बाईने दोघींना जाड कोट आणि हातमोजे चढवले होते. आत सगळंच बर्फाचं होतं. भिंती, बाकं, काउंटर, पेलेसुद्धा.

"मावशी, पेला दोन्ही हातांनी धरा, निसटतो," काउंटरवाला म्हणाला.

"सरबतच आहे ना नक्की?"

"सरबतच."

"मग द्या. खाली बर्फ आहे तेवढं घसरायला पुरे."

लेक हसली नाही. तिला बोलायचं होतं. सोमवारी दुसऱ्या शहरात कामावर रुजू व्हायचं होतं. रजा दोनदा वाढवून झाली होती. घरी हा विषय तोंडातून निघत नव्हता. चार महिने आई सतत तिच्या मागे होती. स्वयंपाकघरात, गच्चीवर. लेक पुस्तक घेऊन जरा आडवी झाली, तरी ही उशाशी खुर्ची ओढून बसायची. एकटं राहायची भीती, असं लेकीने ठरवून टाकलं होतं. चार परक्या माणसांत, एवढ्या थंडीत, निदान रडारड तरी होणार नाही, म्हणून तिने ही जागा निवडली होती.

चार महिन्यांपूर्वी बाबा दुपारी आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेले. आईला वाटलं, डोळा लागलाय. तिने पडदा ओढला, अंगावर चादर घातली, फोनचा आवाज बंद केला. दोन तास तिने घरात चमच्याचाही आवाज होऊ दिला नाही.

"आई, सोमवारी मी निघते."

आई लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने पेला ठेवला, उठली आणि भिंतीला धरत धरत पार दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली. मध्ये अख्खी खोली होती. चार महिन्यांत ती एवढी लांब पहिल्यांदाच गेली होती.

"रागावलीस?" लेकीने जागेवरूनच विचारलं. शब्दांबरोबर पांढरी वाफ बाहेर पडली.

आईने मान हलवली. तिने सावकाश पाठ टेकली, हात मांडीवर सोडले.

"नाही गं. इथे बरंय. इतक्या लांबूनही दिसतोय तुझा श्वास."